डावीकडे समुद्र

तोंडवलीच्या किनाऱ्यावर आचऱ्याकडे तोंड करून उभं राहिलं की समुद्र डाव्या हाताला येतो. हे कळायला पंचांग उघडावं लागत नाही. पण बाबली मेतराचं निम्मं आयुष्य एवढ्या एका गोष्टीवर उभं होतं, म्हणून आधीच सांगून ठेवलेलं बरं.

चेंडूही त्याला समुद्रानंच दिला. लढाईच्या दिवसांत, बाबली दहा वर्षांचा असताना, एका सकाळी भरतीच्या रेषेवर नारळाच्या करवंट्या आणि कुठल्याशा जहाजाच्या फळ्या यांच्यामध्ये एक चामड्याचा चेंडू येऊन पडला होता. मीठ बसून पांढरा झालेला. बाबलीचे वडील आबा हे रापणीचे तांडेल, म्हणजे त्या मोठ्या जाळ्याचे मुख्य. किनाऱ्याला काहीही लागलं तरी पहिली नजर त्यांची. त्यांनी चेंडू उचलला, कानाशी धरून हलवला आणि पोराच्या हातात दिला.

"दर्यान दिल्यान. खेळ."

फुटबॉल नावाचा खेळ आबांनी तोवर पाहिला नव्हता, आणि पुढेही फारसा पाहिला नाही.

वाडीतली पोरं संध्याकाळी ओल्या वाळूवर खेळू लागली. एक गोल होड्यांपाशी, दुसरा आचऱ्याच्या बाजूला. बाबलीची फळी रोज आचऱ्याच्या दिशेनंच जायची. अर्धा खेळ झाला की बाजू बदलायच्या असतात, हे कुणाला ठाऊकच नव्हतं, आणि सूर्य बुडेपर्यंत खेळणाऱ्यांना अर्धा म्हणजे किती हे तरी कसं कळावं? उजवीकडे माडांची कुंपणं, डावीकडे समुद्र. ही डावी रेघ काही एका जागी राहायची नाही. ओहोटीला मैदान रुंद व्हायचं, भरतीला अरुंद. बाकीची पोरं पाणी टाळायची. बाबली मात्र घोटाभर पाण्यातून चेंडू घेऊन सुटायचा, आणि त्याला अडवायला यायचं म्हणजे भिजायला हवं. चेंडू समुद्रात गेला की कुणी आणायला धावायचं नाही. पहिल्या दिवशी बाबली रडकुंडीला आला होता, तेव्हा जाळं विणता विणता आबा म्हणाले होते, "रव जरा. दर्यो कोणाचा काय ठेवन घेणा नाय." आणि खरंच चार लाटांनी चेंडू आणून दिला होता. तेव्हापासून चेंडू गेला की सगळे कमरेवर हात ठेवून उभे राहायचे.

खेळ थांबायचा तो रापणीसाठी. रापण म्हणजे अख्ख्या वाडीचं जाळं. टेकडीवरून टेहळणी करणाऱ्याला पाण्याचा रंग बदललेला दिसला, की तो लाल फडकं हलवायचा. होडी जाळं घेऊन समुद्रात जायची, माशांना वळसा घालून यायची, आणि जाळ्याच्या दोन टोकांचे दोन दोर किनाऱ्यावर यायचे. मग वाडीतला हरेक माणूस दोराला. पाण्याकडे तोंड करून मागे मागे जायचं, मागे माडांपर्यंत पोचलं की दोर सोडायचा, आणि धावत पाण्यापाशी येऊन पुन्हा धरायचा. तासभर, दोन तास. जाणं आणि येणं. रापणीचा नियम एकच होता. दोराला हात लावायचा की नाही हे ज्याचं त्यानं ठरवावं; न लावला म्हणून कुणी बोलत नाही. पण एकदा लावला, की जाळं वाळूवर येईपर्यंत रापण सोडून जायचं नाही. शेवटी मासळीचे वाटे पडायचे आणि तांडेल एकेकाचं नाव घ्यायचा. ज्याचं नाव घेतलं, त्याचा वाटा. ज्याचं घेतलं नाही, त्यानं समजून घ्यायचं.

आता त्या एक्कावन्न सालच्या चैत्रातल्या दिवसाकडे येऊ. मुंबईच्या गोदीत फुटबॉलचा संघ चालवणारे गणपतराव सामंत आपल्या गावी आले होते. दोन संध्याकाळी ते तोंडवलीच्या वाळूवर छत्री टेकून उभे राहिले आणि बाबलीला पाण्यातून पळताना बघत राहिले. तिसऱ्या दिवशी दुपारी ते पिशवी खांद्याला लावूनच आले. त्या वेळी जाळं पाण्यात होतं आणि विशीतला बाबली उत्तरेकडच्या दोराला होता.

"संध्याकाळी मालवणातून बोट सुटते," सामंत म्हणाले. "नोकरी गोदीत, काम मैदानावर. येतोस?"

बाबलीनं दोराकडे पाहिलं, आबांच्या पाठीकडे पाहिलं, आणि हात सोडले. घरी जाऊन सदरा घेतला इतकंच. तळाशीलच्या टोकाला, खाडी ओलांडायच्या तरीत बसताना त्यानं एकदा मागे बघितलं. लांबवर माणसं नुसती उभी होती, कुणी ओढत नव्हतं. उत्तरेकडची बाजू मागे राहून जाळं तिरकं आलं आणि सगळी मासळी तिथून निसटली, हे त्याला महिन्यानं पत्रातून कळलं. एका बाजूला चाळीस माणसं असतात. एका हातानं रापण बुडाली असं कोण म्हणेल? कुणी म्हणालंही नाही. पण 'तुझ्यामुळे नाही रे' असंही कुणी लिहिलं नाही, आणि बाबलीला तेवढंच हवं होतं.

मुंबईत चेंडू पावसाळ्यात खेळतात हे कळलं तेव्हा त्याला आपण घरीच आलो असं वाटलं. कूपरेजच्या मैदानाची डावी बाजू जुलैत घोटाभर पाण्यात असायची. पहिल्याच सामन्यात मात्र फजिती झाली. चेंडू डावीकडची चुन्याची रेघ ओलांडून गेला आणि बाबली कमरेवर हात ठेवून तो परत यायची वाट बघत उभा राहिला. समोरच्यानं चेंडू आत फेकला, खेळ पुढे गेला, गोलही झाला. हा आपला उभा. प्रेक्षकांत हशा पिकला. त्या हशात गोदीतले, गिरण्यांतले पुष्कळ मालवणी होते, आणि हा कशाची वाट बघतोय हे त्यांनाच बरोबर कळलं. त्यांतला एक जण ओरडला, "मेल्या, हय दर्यो नाय!"

पण तेच लोक पुढं त्याच्यासाठी कामाला दांडी मारू लागले. बाबलीच्या पायाशी चेंडू आला की वरून आरोळी उठायची, "गेलो रे, बाबली गेलो!" आणि तो गेलेलाच असायचा. पळताना त्याला नेमकं काय व्हायचं, हे त्यानं कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर वेड्यात काढलं असतं. चार पावलं टाकली की त्या आरोळीतले शब्द विरघळायचे आणि नुसती गाज उरायची. चुन्याची रेघ ओली व्हायची, हलायची, जवळ यायची, लांब जायची. डाव्या घोट्याला खारं पाणी लागायचं. समोरून आडवा येणारा गडी पाण्याला घाबरतो आहे हे त्याच्या डोळ्यांत दिसायचं, आणि मग त्याला चुकवणं काय मोठंसं! पुढं बूट घालायची सक्ती झाली तेव्हा बाबलीच्या पायांना महिनाभर फोड आले, पण ते पाणी बुटातूनही आत यायचं. दहा पावसाळे तो असा समुद्राच्या कडेनं पळत राहिला. वर्तमानपत्रांत दोनदा फोटो आला. एका फोटोत तो डावीकडे, चौकटीच्या बाहेर कुठंतरी बघतोय.

एकच खोट होती. बाबली जायचा, पण परत यायचा नाही. चेंडू हातचा गेला, समोरचे उलटून चालून आले, की बाकीचे धापा टाकत मागे धावायचे आणि हा तिथंच, दूर, रेघेपाशी एकटा. सामंत डोक्याला हात लावायचे. "बाबली, जातोस सुंदर. परत कोण यायचं? तुझा बाप?"

बाबली ओला सदरा पिळत चालू लागायचा. गावी तो फक्त मे महिन्याच्या शेवटी जायचा, जाळी सुकत घातलेली असताना. पंचावन्न साली तारकर्लीच्या मथुरेशी लग्न झालं तेही मेमध्येच. आबा बोलत, जेवायला वाढायला सांगत, नवा दोर कुठून आणला ते सांगत. रापण चालू असताना गावात पाऊल ठेवायचं नाही, हे बाबलीनं स्वतःच ठरवून टाकलं होतं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते उगीच नाही.

साठ सालच्या एका सामन्यात त्याला काय वाटलं कोण जाणे, चेंडू गमावल्यावर तो वळला आणि जीव खाऊन मागे धावला. दहा वर्षांत पहिल्यांदा. आपल्याच गोलाजवळ त्याचा उजवा पाय चिखलात रुतला आणि गुडघा फिरला. खेळ संपला तो तिथंच.

मग सामंतांनी त्याला गोदीच्या तरुण पोरांना शिकवायला ठेवला. शिकवायला तो वाईट नव्हता, पण त्याचा धडा एकच. पुढं जायला कुणी शिकवावं लागत नाही, म्हणायचा, पाय आपोआप जातात. परत यायला शिका. दोन-तीन वर्षं तो रेघेपाशी उभा राहून ओरडत राहिला, "परत या! अरे, परत या!" त्रेसष्ट सालच्या पावसाळ्यात असाच ओरडत असताना त्याचा आवाज बसला. समोर पोरं थांबून बघतायत, मागे भिंतीपलीकडे गाड्या चाललेल्या, आणि बाबलीला एकदम हसू फुटलं. हे आपण कुणाला सांगतोय? दसऱ्यानंतरच्या बोटीनं तो मथुरेला घेऊन गावी आला. ट्रंकेत दोन चेंडू, गळ्यात शिट्टी.

आबा अंगणात दोर वळत बसले होते. मिशी पांढरी झाली होती, पाठ तेवढीच ताठ.

"इलंस? जेव मगे."

झालं स्वागत. दुसऱ्याच दिवशी टेकडीवर लाल फडकं हललं. बाबली किनाऱ्यावर गेला आणि माडाखाली उभा राहिला. त्याला कुणी 'धर' म्हटलं नाही आणि 'धरू नको' म्हटलं नाही. दोर चार हातांवरून सरकत होता. समजा आपण धरला, दोन तास ओढला, आणि सगळ्या वाडीसमोर आबांनी नावं घेतली आणि त्यात आपलं नसलं, तर? मुंबईत दहा-दहा हजार माणसांसमोर न लाजलेला हा गडी, पण ऐंशी माणसांसमोर एक नाव ऐकू न येण्याचं त्याला भय वाटलं. त्यानंतर दर रापणीला तो माडाखाली उभा राहायचा, आणि आबांच्या तोंडून आपलं नाव निघतंय का, तेवढं कान देऊन ऐकायचा. हंगामभर ते निघालं नाही.

एक गोष्ट त्याला नवी दिसली. वाटे पाडून झाले की नावं घेण्याआधी आबा ओंजळभर जिवंत मासळी उचलायचे, गुडघाभर पाण्यात जायचे आणि सोडून यायचे. बाबलीच्या लहानपणी असं काही नव्हतं. वय झालं की माणूस देवभोळा होतो, असं त्यानं मनाशी धरलं. मथुरेलाही तसंच वाटायचं. "दर्याचो वाटो असतलो," ती म्हणाली. मथुरा दर बाजारी मालवणला मासे विकायला जाणारी, तोंडाची तिखट. एकदा तिनं जेवताना विषय काढलाच.

"आबांच्या वाट्याचा खातंव. गोड लागता तुमका?"

"दोर धरलंय आणि आबांनी नाव नाय घेतल्यानी तर?"

"मगे काय होतला? आता खंय घेतत?"

बाबली उठला आणि चेंडू घेऊन वाळूवर गेला.

तिथं मात्र त्याचं राज्य होतं. वाडीतली पंधरा-वीस जवान पोरं त्यानं जमवली. दिवसभर होडीवर, संध्याकाळी त्याच्या हाताखाली. ती त्याला मास्तर म्हणत. ओहोटीच्या कडक वाळूवर तो त्यांना पळवायचा, आणि भरती चढत आली, मैदान अरुंद झालं, की म्हणायचा, आता खेळा, आता खरी गंमत. सगळ्यांत गोदूबाईचा शंकर उजवा. खरं म्हणजे डावा. एकोणीस वर्षांचा, काळासावळा, पाण्यातून असा सुटायचा की बाबलीला आपणच तिकडे पळतोय आणि इकडे उभं राहून आपल्यालाच बघतोय असा भास व्हायचा. फक्त एक फरक होता. शंकर परत यायचा. न सांगता, न ओरडता, गेला तसा वळून यायचा. बाबलीनं त्याला विचारलं, हे तुला कुणी शिकवलं? शंकरला प्रश्नच कळला नाही.

बाबलीनं सामंतांना पत्र टाकलं. माझ्यापेक्षा चांगला आहे, येऊन बघा. चौसष्ट सालच्या चैत्रात सामंत आले. केस गेलेले, छत्री तीच. तारकर्लीच्या पोरांना खेळायला बोलावलं होतं. संध्याकाळची बोट होती, त्यामुळे सामना दुपारीच, ओहोटी धरून. वाळूवर वाडी लोटली. आबा नेहमीच्या होडीच्या सावलीत, पाठ करून, जाळ्याची भोकं सांधत.

खेळ रंगला. ऊन असं होतं की लांबची माणसं पाण्यावर उभी असल्यासारखी थरथरत होती. पहिल्या भागात तारकर्लीच्या पोरांनी शंकरला चेंडू लागूच दिला नाही. सामंतांनी दोनदा घड्याळ बघितलं. दुसऱ्या भागात वारा फिरला, भरती लागली, डावी रेघ सरकू लागली. बाबली शिट्टी ओठांत धरून काठाकाठानं चालत होता, आणि तेवढ्यात शंकरच्या पायाशी चेंडू आला. तो पाण्यात शिरला. एक चुकला, दुसरा घसरून बसला. बाबलीच्या कानातली माणसं गेली, गाज उरली, डावा घोटा ओला झाला. या खेपेला तो खरोखरच ओला झाला होता, लाट त्याच्याही पायावरून गेली होती. शंकरनं चेंडू मारला तो गोलाला चाटून समुद्रात गेला. सगळे सवयीनं कमरेवर हात ठेवून थांबले.

"अजून एकदा," सामंत श्वास रोखून म्हणाले. "असंच अजून एकदा बघू दे मला."

आणि टेकडीवर टेहळणीला बसलेल्या सत्यवानानं लाल फडकं हलवलं.

होडी कधी पाण्यात गेली ते कळलंही नाही. बघे उठले. तारकर्लीची पोरं म्हणजे पाहुणे, पण त्यांनाही पाय आवरेनात. आबा उभे राहिले होते. बाहेर पाण्यावर माशांचा काळपट पट्टा सरकत होता, एवढा मोठा की कित्येक वर्षांत तसा दिसला नव्हता. तोंडवलीची अकरा पोरं मात्र जागच्या जागी उभी, मास्तरकडे बघत. शंकर सगळ्यांत पुढं, कमरेइतक्या पाण्यात.

"त्याला थांबव," सामंत हळूच म्हणाले. "दोर किनाऱ्याला यायचा आहे अजून. त्यानं हात लावलेला नाही, म्हणजे तुमचा नियम मोडत नाही. दहा मिनिटं, बाबली. मग माझी बोट. मला पुढच्या तीन गावांचे गडी बघायचेत, पुन्हा कधी यायला जमेल सांगता येत नाही."

नियम मोडत नव्हता हे खरंच. बाबलीनं शंकरकडे पाहिलं. त्याच्या तोंडावर सगळं लिहिलेलं होतं: मुंबई, बूट, ती आरोळी. मास्तर म्हणेल ते तो करणार होता. थांब म्हटलं असतं तर थांबला असता, आणि मग जन्मभर कुठल्या तरी चुन्याच्या रेघेपाशी उभा राहून या पट्ट्याकडे बघत राहिला असता. बाबलीला एकदम इतकं रडायला आलं की शिट्टी फुंकायला श्वास पुरेना. तरी त्यानं ती फुंकली, लांब, एकच.

"खेळ संपलो! दोरार चला!"

सामंतांनी छत्री वाळूत खुपसली. पोरं सुटली, बहुतेक जवळच्या दक्षिणेकडच्या दोराला. उत्तरेकडचा दोर किनाऱ्याला लागला तेव्हा त्याच्यावर एक शंकर सोडला तर सगळी म्हातारी माणसं आणि बाया. ती बाजू सुरुवातीपासून मागे पडू लागली. जाळं तिरकं व्हायला लागलं. हे बाबलीनं एकदा पत्रात वाचलं होतं. त्याला विचार करायला वेळ झाला नाही हे बरं झालं. तो लंगडत धावला, जिथं आबा पाण्यात उभे राहून ओरडत होते तिथं शिरला, आणि त्यांच्या मागून दोर धरला.

आबांनी वळून बघितलं नाही. फक्त पाव पाऊल पुढं सरकले.

ओला काथ्या हातात आला आणि तेरा वर्षं कुठं गेली कळेना. मागे, मागे, मागे. माडापाशी पोचला, सोडला, वळला, पाण्याकडे धावला. गुडघा बोंबलत होता. शंकर त्याच्या शेजारून पुढं गेला, दोर धरला, मागे आला, सुटला, पुन्हा धावला. आणि तेव्हा कुठं बाबलीच्या डोक्यात उजेड पडला. परत येणं हे काय शिकवायचं असतं? ते त्यालाही दहाव्या वर्षापासून येत होतं. इथंच सोडून गेला होता तो ते, दोराबरोबर. पुढच्या फेरीला त्याच्या पुढं एक टक्कल दिसलं. सामंत धोतराचा काचा मारून ओढत होते, लाल झालेले, शिव्या घालत. बोट केव्हाच चुकली होती.

सूर्य खाली येता येता जाळ्याचा मधला भाग काठाला लागला. बांगड्यांनी नुसतं उकळत होतं पाणी. बाया ओरडल्या, पोरं नाचली. आणि त्या सगळ्या रुपेरी कालव्यात मधोमध, टुणकन उडत, चेंडू. शंकरनं तो उचलून हसत सामंतांकडे फेकला. सामंतांनी झेलला आणि वाळूवर बसकण मारली.

"तुला एक सांगू, बाबली?" ते म्हणाले. "त्या वर्षी तू 'उद्या' म्हणाला असतास ना, तर मी थांबलो असतो. दुसऱ्या दिवशीही बोट होतीच की."

एवढी साधी गोष्ट आपल्याला तेव्हा सुचली नव्हती, यावर हसावं की रडावं हे बाबलीला ठरवता आलं नाही. आबांनी मात्र ते ऐकलं होतं. वाटे मांडता मांडता ते शंकरला म्हणाले, "हंगाम सरलो की शेवटच्या बोटीन जा तू. हो पावणो नेतलो तुका. फकत हातात दोर आसताना जाव नको." सामंतांनी गुमान मान हलवली.

वाळूवर ढीग लागले. माणसं गोल करून उभी राहिली. मथुरा टोपली घेऊन मागे. आता नावं. बाबली सवयीनं माडाकडे सरकू लागला, आणि मग आपण आज दोर धरलाय हे आठवून थांबला.

आबा वाकले. नेहमीसारखी त्यांनी दोन्ही हातांनी जिवंत मासळी उचलली, ओंजळभर, आणि पाण्याकडे निघाले. चार पावलं गेले. थांबले. पाठ तशीच ताठ. मग ते वळले, माणसांतून वाट काढत आले आणि बाबलीसमोर उभे राहिले. बोटांतून पाणी गळत होतं.

"बाबली," ते म्हणाले. "धर."

सगळ्या वाडीनं ते नाव ऐकलं. बाबलीनं ओंजळ पुढं केली.

"आबा, हो दर्याचो वाटो मां?"

"दर्याचो कधीच नव्हतो," आबा म्हणाले. "तुझोच होतो. दर्याकडे ठेवलेलो. तू खंय होतंस?"

बांगडे त्याच्या हातांत पडले, गार आणि जड, अजून उडणारे. दोन निसटून खाली वाळूत गेले. बाबली ते उचलायला वाकला आणि वाकलेलाच राहिला, कारण तोंड वर करण्यासारखं नव्हतं. आबा पुढचं नाव घ्यायला वळले. मथुरा गर्दीतून पुढं आली, त्याच्या शेजारी बसली, आणि टोपली त्याच्या हातांखाली धरली.